सेवादौऱ्यावर निघणाऱ्या बंधुभगिनींस खुले पत्र

अमेरिका, कॅनडा, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया येथील मंडळ्यांतून दरसाल परदेशी सेवादौऱ्यांवर निघणाऱ्या सर्व स्वयंसेवकांस, आणि विशेषेकरून त्यांच्यांत सामील होणाऱ्या आपल्या मराठी बंधुभगिनींस,



आपल्याकडे पुढील दौऱ्याची जुळवाजुळव सुरू झाली, की इकडच्या मंडळ्यांना पत्रे येऊ लागतात. पत्राची भाषा प्रेमळ असते, क्षेमकुशलाची विचारपूस असते, प्रार्थनेचे आश्वासन असते, आणि शेवटी मुद्द्याची गोष्ट येते ती अशी, की अमुक तारखेपासून दहा दिवस आमचे वीस जण आपल्याकडे येत आहेत, तरी त्यांच्याजोगे काही काम काढून ठेवावे. हे पत्र हाती पडले म्हणजे पाळकसाहेब वडीलमंडळींची सभा बोलावतात, आणि त्या सभेत, गावाला कशाची निकड आहे हा प्रश्न बाजूस राहून, पाहुण्यांच्या हातांना काय देता येईल, कोणती भिंत रंगवून घेता येईल, कोठली मुले गोळा करता येतील, याचाच खल रात्री उशिरापर्यंत चालतो. माझ्या तक्रारीचे मूळ पत्रातल्या त्या एका वाक्यात आहे. काम आमच्या गावचे, परंतु ते केव्हा, किती दिवस आणि कोणी करावयाचे हे ठरवण्याचा अखत्यार मात्र हजारो मैलांवरच्या एका समितीकडे, असा जो शिरस्ता पडून गेला आहे, तो मोडावा, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच आहे.

आपल्या हेतूविषयी माझ्या मनात तिळमात्र संशय नाही. प्रवासखर्चासाठी आपल्यांतील तरुण मुले महिनोन्‌महिने लोकांच्या मोटारी धुतात, घरी भाजलेले केक विकतात, नोकरदार माणसे वर्षाची सारी रजा या कामी खर्ची घालतात, आणि साठी उलटलेल्या बायाबापड्या इंजेक्शने टोचून घेऊन चोवीस चोवीस तासांचा विमानप्रवास करून येतात, हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल आदर आहे. ही चळवळ लहानही नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी 2005 सालच्या पाहणीवरून केलेल्या अनुमानानुसार एकट्या अमेरिकेतून दरसाल सुमारे 16 लक्ष चर्चसदस्य अशा अल्पमुदतीच्या दौऱ्यांवर देशाबाहेर जात असत. एवढा मोठा जनसमुदाय, एवढी सद्भावना आणि एवढे द्रव्य ज्या वाटेने वाहते, त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांनी दोन शब्द स्पष्ट बोलू नयेत, हा खोटा विनय होईल.

मी हे मराठीत लिहितो, याचेही कारण सांगतो. आपल्यांपैकी पुष्कळांची घरे नगर, वाई, सातारा, सोलापूर, मिरज, जालना अशा जुन्या मिशनगावांतली आहेत. शिक्षण आणि नोकरी यांच्या निमित्ताने आपण परदेशी स्थायिक झालात, तेथील मंडळ्यांत मानाची जागा मिळवलीत, आणि आता त्याच मंडळ्यांना आपल्या गावाकडे घेऊन येण्याची आपली इच्छा असते. आपण दोन्ही बाजूंच्या भाषा जाणता, म्हणून अधिक जबाबदारीही आपल्याकडेच येते. जे मी पाळकसाहेबांच्या बैठकीत पाहुण्यांसमोर बोलू शकत नाही, ते आपल्यामार्फत त्यांच्या समितीपर्यंत पोहोचावे, अशी माझी अपेक्षा आहे.

परदेशी माणूस येऊन येथे सेवा करतो, ही गोष्ट आम्हांला नवी नाही. किंबहुना महाराष्ट्राइतका तिचा दीर्घ अनुभव फार थोड्या प्रांतांना असेल. 1813 साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मराठी मिशनचे पहिले दोघे कंपनी सरकारची नाराजी पत्करून मुंबईस उतरले. नॉट प्रकृतीच्या कारणाने लौकरच परतले. हॉल राहिले, मराठी शिकले, मराठीत लिहू लागले, आणि 1826 साली नाशिकच्या बाजूस फिरतीवर असता पटकीने वारले. सिंथिया फरार या अविवाहित बाई 1827 साली आल्या, पुढे नगरला गेल्या, आणि 1862 साली नगरच्याच मातीत विसावल्या. जोतीराव फुले यांनी नगरला त्यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि त्यानंतर 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हा इतिहास आपण शाळेत शिकलाच असाल. डॉक्टर विल्यम वॉन्लेस 1889 साली आले, 1894 साली मिरजेस त्यांचे इस्पितळ उभे राहिले, एतद्देशीय तरुणांना त्यांनी वैद्यकी शिकवली, आणि 1928 साली निवृत्त होईतो ते तेथेच शस्त्रक्रिया करीत होते. या माणसांची मते आम्हांला सर्वस्वी मान्य आहेत असे नाही. परधर्माविषयी त्यांच्यांतील अनेकांनी जे लिहिले ते आज वाचवत नाही. परंतु मुक्काम, भाषा आणि उत्तरदायित्व या तीन गोष्टींत त्यांनी कुचराई केली नाही. वॉन्लेसांच्या हातून एखादे ऑपरेशन बिघडले, तर त्या रोग्याचे नातलग दुसऱ्या दिवशी, पुढच्या महिन्यात आणि दहा वर्षांनीही त्यांच्या दारात येऊन जाब विचारू शकत होते. आपल्या दौऱ्यांत जी उणीव आहे ती नेमकी हीच होय. दहा दिवसांनी आपले विमान सुटते आणि जाब विचारायला कोणी उरत नाही.

आणि हेही लक्षात घ्यावे, की जे आयुष्यभर राहिले त्यांनाही अखत्यार सोडणे जड गेले. मिशनच्या पगारावरील मराठी उपदेशकाने कोठे जावे, काय करावे, शाळेला किती खर्च मंजूर व्हावा, हे पुष्कळ काळ परदेशी मिशनऱ्यांच्या बैठकीत ठरत असे. नारायण वामन टिळकांसारखा थोर कवी आणि भक्त 1917 साली मिशनच्या नोकरीचा राजीनामा देऊन बाहेर पडला आणि त्याने ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तो मिशनवर रोष धरून नव्हे. येथल्या ख्रिस्ती माणसाने येथल्या पद्धतीने, स्वतःच्या पायांवर उभे राहून प्रभूची सेवा करावी ही त्याची तळमळ होती. त्याआधी सात वर्षे, 1910 साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत दक्षिणेकडील तरुण पाळक व्ही. एस. अझराया यांनी जमलेल्या शेकडो गोऱ्या प्रतिनिधींसमोर उभे राहून, आपण आम्हांला द्रव्य दिलेत, देहही झिजवलात, आता आम्हांला मित्र हवे आहेत, अशा आशयाची मागणी केली होती. त्या मागणीला शंभरांहून अधिक वर्षे झाली. आजच्या दहा दिवसांच्या दौऱ्यात मैत्रीला आवश्यक असणारा वेळही नाही आणि समानताही नाही. मग जी गोष्ट हॉल-फरारांच्या परंपरेतली म्हणून आपण मंडळीपुढे मांडता, ती त्या परंपरेतली आहे का, याचा शांतपणे विचार व्हावा.

आता प्रत्यक्ष अनुभवातली एक गोष्ट सांगतो. आमच्या मंडळीत एक वृद्ध विधवा आहे. तिला सारे गाव मावशी म्हणते. काही वर्षांपूर्वी एका परदेशी मंडळीचा गट येथे आला आणि समाजमंदिरात त्यांनी आरोग्यशिबिर भरवले. रांगेत उभी राहून मावशीने रक्तदाब मोजून घेतला; तो बराच वाढलेला निघाला. एका तरुण मुलीने तिचे नाव, वय आणि आकडे आपल्या वहीत टिपून घेतले आणि तीस पांढऱ्या गोळ्या एका चिमुकल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातावर ठेवल्या. पिशवीवर इंग्रजीत एक चिठ्ठी होती. मावशीने ती पिशवी पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्ड आणि ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक यांच्या शेजारी जपून ठेवली, रोज सकाळी नेमाने एक गोळी घेतली, आणि महिन्याने गोळ्या संपल्या तेव्हा, तापाच्या गोळ्या संपल्या की ताप गेला असे आपण समजतो तसे, दुखणे संपले असे समजून ती स्वस्थ बसली. तिच्याच आळीत आशाताई, म्हणजे गावच्या सरकारी आरोग्य स्वयंसेविका, राहतात. त्यांच्याजवळ गावातल्या रक्तदाबाच्या रोग्यांची नोंदवही आहे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच गुणाच्या गोळ्या दर महिन्याला फुकट मिळतात. परंतु शिबिराची इतल्ला आशाताईंना कोणी दिली नव्हती, आणि मावशीचे आकडे ज्या वहीत होते ती वही पाहुण्यांबरोबर समुद्रापार गेली होती. पुढे काही महिन्यांनी मावशीला अर्धांगवायूचा झटका आला. आज तिचा डावा हात चालत नाही. शिबिरामुळे झटका आला असे मी म्हणणार नाही, तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण तिचा आजार ज्या दिवशी कळला त्याच दिवशी तो आळीतल्या आशाताईंच्या वहीत चढला असता, तर तिला औषध चालू राहिले असते, हे निर्विवाद आहे. ती वही येथे ठेवून जावी, असे त्या सद्‌हेतूने आलेल्या वीसपंचवीस माणसांपैकी एकाच्याही मनात आले नाही, कारण दौऱ्याची आखणी करताना आशाताई हा हिशेबातला घटकच नव्हता.

यातली कायद्याची बाजूही आपण जाणून असावे. परदेशी पदवीधर डॉक्टरला भारतात रोगी तपासायचा असेल तर येथील वैद्यक नियामकाची नोंदणी वा परवानगी लागते. वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलामुलींना तर त्यांच्या स्वतःच्या देशातही एकट्याने औषध देता येत नाही. जे काम आपल्या गावी करण्यास आपल्याला मनाई आहे, ते आमच्या गावी करण्याची मुभा गरिबीमुळे मिळते, असे आपण मानता कामा नये.

आमच्याच नगर जिल्ह्यात याहून निराळ्या रीतीने घडलेले काम आपल्याला पाहता येईल. डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे हे दोघे वेल्लोरला शिकले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले, आणि 1970 साली जामखेडला येऊन राहिले. तो तालुका दुष्काळी. लोकांना विचारले तर त्यांनी इस्पितळाच्या आधी पाणी आणि अन्न मागितले, आणि आरोळ्यांनी तीच मागणी प्रमाण मानून कामाला हात घातला. गावोगाव शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. गावाने स्वतः निवडून दिलेल्या बायका, त्यांतील अनेकजणी निरक्षर आणि दलित वस्तीतल्या, आरोग्यसेविका म्हणून शिकून तयार झाल्या. बाळंतपण, जुलाबावरचे मीठसाखरेचे पाणी, कुष्ठरोग्याची शुश्रूषा, वजने, लसी हे सारे त्यांनी हाती घेतले. प्रकल्पाच्या गावांत आरंभी हजारी 176 असलेला बालमृत्यूचा आकडा पुढील वीसपंचवीस वर्षांत कितीतरी पटींनी खाली आला. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि 1992 पासून तेथे जी शिक्षणसंस्था चालते, तीत आफ्रिका, आशिया, अमेरिका येथील डॉक्टर आणि कार्यकर्ते येऊन बसतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या खेड्यांतल्या आरोग्यसेविकाही असतात. या साऱ्या उद्योगाला परदेशी मंडळ्यांचा पैसा लागला, मी ते नाकारीत नाही. परंतु कामाचा अखत्यार गावाकडे आणि गावात राहणाऱ्या माणसांकडे राहिला, म्हणून तो पैसा सार्थकी लागला.

बांधकामाविषयी आपल्याला इतक्या दूरच्या उदाहरणाची गरज वाटणार नाही, पण ते सांगितलेच पाहिजे, कारण त्याची नीट मोजदाद झालेली आहे. 1998 च्या ऑक्टोबरात मिच नावाच्या चक्रीवादळाने मध्य अमेरिकेतील होंडुरास देश उद्ध्वस्त केला, आणि उत्तर अमेरिकेतील मंडळ्यांचे असंख्य गट तेथे घरे बांधण्यास गेले. त्या देशात वर्षानुवर्षे राहिलेले समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी पुढे त्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांची पाहणी केली आणि स्थानिक संस्थांनी बांधलेल्या घरांतील कुटुंबांशी त्यांची तुलना केली. परदेशी हातांनी बांधलेल्या घरामुळे त्या कुटुंबांच्या जीवनात काही विशेष अधिक फरक पडला, असे त्यांना आढळले नाही. स्थानिक संस्था जे घर सुमारे 2,000 डॉलरांत उभे करीत होती, त्याच घरासाठी विमानभाड्यासकट दौऱ्यावरच्या गटाचा खर्च सुमारे 30,000 डॉलर येत होता. म्हणजे एका घराच्या जागी पंधरा घरे झाली असती, आणि ती बांधताना होंडुरासच्या गवंड्यांना व सुतारांना रोजगार मिळाला असता. हा हिशेब आपल्या मंडळीच्या वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे. आमच्या गावातले गवंडी आणि बिगारी काम नाही म्हणून चाकणला आणि पुण्याला जाऊन पत्र्याच्या खोल्यांत राहतात; त्यांच्या गावात वीस अनभ्यस्त माणसांनी येऊन दहा दिवस विटा वाहाव्यात, याला मी सेवा म्हणू शकत नाही.

मुलांविषयी लिहिताना लेखणी अडखळते, तरी लिहितो. 2010 च्या 12 जानेवारीस हैतीमध्ये भूकंप झाला आणि त्या महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील चर्चचे दहा स्वयंसेवक 33 मुलांना कागदपत्रांवाचून शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात नेत असता सरहद्दीवर पकडले गेले. ती मुले अनाथ आहेत असे सांगण्यात आले होते. चौकशीत असे निघाले, की बहुतेकांचे आईबाप हयात होते आणि आपल्या मुलांना शिक्षण व पोटभर अन्न मिळेल या आशेने त्यांनीच ती सुपूर्द केली होती. कंबोडियातील अनाथाश्रमांविषयी युनिसेफच्या साहाय्याने झालेल्या पाहणीचा अहवाल 2011 साली निघाला, आणि त्यातही आश्रमातल्या चार मुलांपैकी तिघांचा आई वा बाप जिवंत असल्याचे दिसून आले. ज्या ठिकाणी पाहुणे आणि देणग्या अनाथ मुलांच्या दर्शनाने येतात, त्या ठिकाणी अनाथ मुलांची संख्या वाढू लागते, हे या प्रकरणांचे तात्पर्य कोणाही विचारी माणसास पटेल. म्हणून माझे स्पष्ट सांगणे आहे, की आपल्या दौऱ्याच्या कार्यक्रमपत्रिकेतून वसतिगृहाची आणि बालकाश्रमाची भेट कायमची वगळावी. आठवडाभर कडेवर घेतलेल्या मुलाला आठव्या दिवशी सोडून जाणाऱ्या माणसाने त्याचे कल्याण केले, असे कोणत्याही आईला वाटणार नाही. त्यांची छायाचित्रेही काढू नयेत. आपल्या मुलांच्या शाळेत कोणी अनोळखी माणूस शिरून फोटो काढू लागला, तर आपण पोलिसांना बोलवाल. आमच्या मुलांची अब्रू त्याहून स्वस्त नाही.

यजमानांवर पडणाऱ्या भाराविषयी थोडक्यात लिहितो. बिनतिखटाचा स्वयंपाक, सीलबंद पाण्याची खोकी, मंडप, भाड्याची बस, पाहुण्यांसाठी नव्या गाद्या-चादरी, एवढा बंदोबस्त करताना मंडळीच्या बायकांचे आठ दिवस आणि पाळकसाहेबांचा महिना जातो. शिवणवर्ग बंद राहतो, आजाऱ्यांच्या भेटी राहून जातात, आणि मंडपवाल्याची बाकी भागवण्यास पतसंस्थेकडे हात पसरावे लागल्याचेही मी पाहिले आहे. आमचे पाळक हे आपल्याला कधी सांगणार नाहीत. दौऱ्यामागून काही निधी येईल ही आशा असते, आणि एकदा नको म्हटले तर पुढच्या वर्षी आपण दुसरी मंडळी शोधाल ही धास्तीही असते. आमच्याच वडीलमंडळींना या निमित्ताने माझे एक सांगणे आहे: नको असलेल्या पाहुण्याला नको म्हणण्याचे धैर्य प्रार्थनेने मिळते असे आपण शिकवतो, तर ते आपणही मागावे.

परंतु खर्चाहून मोठी जोखीम कायद्याची आहे, आणि येथे मी विशेषतः मराठी बंधुभगिनींना उद्देशून लिहितो. पर्यटनाच्या व्हिसावर येऊन भारतात मिशनरी काम करता येत नाही. ज्यांच्यापाशी ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे त्यांना वाटते, की आपण तर येथलेच. परंतु 2021 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे मिशनरी कार्यासाठी ओसीआय कार्डधारकांनाही विशेष परवानगी घ्यावी लागते. तीच गोष्ट पैशाची. परदेशी नागरिकाने, मग तो जन्माने मराठी का असेना, येथील संस्थेला दिलेली रक्कम ही विदेशी देणगी ठरते. ती घेण्यास संस्थेची सरकारदरबारी नोंदणी वा पूर्वपरवानगी लागते, ती दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील नेमून दिलेल्या खात्यातच यावी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. निरोपाच्या दिवशी उपासना संपल्यावर पाकिटात घालून पाळकांच्या हाती ठेवलेली रक्कम आपल्याला प्रेमाची भेट वाटते. चौकशी झाली तर तिचा तपशील त्यांना द्यावा लागतो. आपल्या निष्काळजीपणाची शिक्षा सहसा आपल्याला होत नाही, बहुधा परत पाठवणी होते. येथे राहणाऱ्या माणसाला मात्र पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि गावात ज्या शेजाऱ्यांशी पिढ्यान्‌पिढ्या सलोख्याने राहिलो त्यांच्या नजरेत संशय उमटतो तो निराळाच. आजच्या दिवसांत हा धोका केवढा आहे, हे आपल्याला फोड करून सांगण्याची गरज नाही.

यावर आपण विचाराल, की मग आम्ही येऊच नये काय? इव्हान इलिच या कॅथलिक विचारवंताने 1968 साली, मेक्सिकोत स्वयंसेवा करण्यास उत्सुक असलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर भाषण करताना, त्यांनी परोपकारी म्हणून येऊ नये; पाहण्यास, शिकण्यास, हिंडण्यास खुशाल यावे, असे निक्षून सांगितले होते. मला त्याचे म्हणणे बहुतांशी मान्य आहे. पाहुणे म्हणून या. आमच्या घरी उतरा, आमच्या उपासनेत शेवटच्या बाकावर बसा, शेतात या, मावशीच्या ओसरीवर बसून तिचे बोलणे ऐका. अशा भेटीला सेवा असे नाव देऊ नका आणि तिच्यासाठी सेवेच्या नावाने वर्गणी जमवू नका, म्हणजे कोणाचीच फसगत होणार नाही. ज्यांना जगाच्या या भागातले दारिद्र्य समजून घ्यायचे आहे त्यांनी विद्यार्थी म्हणून रीतसर यावे आणि आरोग्यसेविकांच्या हाताखाली शिकावे. आणि ज्यांच्यापाशी खरोखर दुर्मीळ कसब आहे, जसे भाजलेल्या त्वचेवर शस्त्रक्रिया करण्याचे, बहिऱ्या मुलांना शिकवण्याचे, भूजलाचा शोध घेण्याचे, त्यांनी येथल्या संस्थेचे बोलावणे आल्यावर, येथल्या नियमांप्रमाणे परवाने घेऊन, निदान वर्षाची मुदत बांधून, आणि आपल्यामागे तेच काम करील असा येथला माणूस तयार करण्याच्या अटीवर यावे. अशा माणसाला आम्ही डोक्यावर घेऊ.

दुभाष्याचे काम करणाऱ्या मराठी तरुणांना आणखी एक मागणे आहे. गावची एखादी बाई पाहुण्यांसमोर कठोर बोलली, तर आपण ते मवाळ करून सांगता. पाहुण्यांचे मन दुखू नये अशी आपली सद्भावना असते. यापुढे तसे करू नका. तिला पाण्याची टाकी हवी असताना संडासाची भिंत रंगवली गेली असे ती म्हणाली, तर ते तसेच्या तसे, तिच्या रागासकट, इंग्रजीत सांगा. ती बोलते ते गाऱ्हाणे आहे, आणि गाऱ्हाणे ऐकून घेणे हेच पाहुण्याचे तेथील पहिले कर्तव्य आहे.

शेवटी या वर्षापुरती एक विनंती. पुढील दौऱ्याच्या तारखा ठरवण्यापूर्वी, तिकिटे काढण्यापूर्वी आणि वर्गणीची पेटी फिरवण्यापूर्वी, यजमान मंडळीला एक पत्र लिहावे आणि त्यात तीनच गोष्टी विचाराव्यात: आम्ही यावे असे आपल्याला वाटते का, वाटत असल्यास कोणी, केव्हा आणि कोणाच्या हाताखाली काम करण्यास यावे, आणि आम्ही आलो नाही, तर प्रवासाचा जो खर्च वाचेल तो कोणत्या नोंदणीकृत संस्थेच्या कामी लावावा. उत्तर काहीही आले, अगदी यंदा येऊ नका असे आले, तरी आपला आमचा स्नेह आणि आपला निधी यांत अंतर पडणार नाही, हे त्याच पत्रात लेखी कळवावे. आमच्या पाळकसाहेबांना खरे उत्तर लिहिण्यास तेवढ्या एका ओळीची गरज आहे. ती ओळ आपण लिहावी.



प्रभूच्या सेवेत आपला नम्र बंधू,
नगर जिल्ह्यातील एका मंडळीचा पंच